दौलतचं म्हातारपण

"ह्येला म्हातारा करून दे," शेवंताक्का म्हणाली आणि पदराखालची पिशवी तिनं सरळ माझ्या कीबोर्डवर ठेवली.

पिशवीत टॉवेल होता आणि टॉवेलात वर्तमानपत्र. वर्तमानपत्र सोडलं तर आत फोटो निघाला. हा फोटो आमच्या गल्लीत सगळ्यांच्या ओळखीचा. अक्काच्या पुढच्या सोप्यात, दारातून आत शिरलं की समोरच असायचा. जोतिबाच्या जत्रेतल्या स्टुडिओत काढलेला, मागं रंगवलेला धबधबा. पुढं बारीक मिशीचा एक पोरगा, तेल लावून केस मागं बसवलेले, एक भुवई जरा वर. दौलत मगदूम, अक्काचा नवरा. सव्विसाव्या वर्षी कावीळ झाली आणि अकरा दिवसांत गेला. त्याला जाऊन तेव्हा एकोणचाळीस वर्षं झाली होती.

"म्हातारा म्हणजे कसा अक्का?"

"म्हातारा म्हंजे म्हातारा. मी हाय तसा. तुज्या कॉम्प्युटरवर हुतंय का न्हाई ते सांग. तुजी आई तर म्हनत हुती, आमची धनश्री मानसं काढती आनि त्यास्नी चालवती."

दोन हजार अकराची दिवाळीची सुट्टी होती. मी कोल्हापूरच्या एका कॉलेजात ॲनिमेशन आणि ग्राफिक डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि सुट्टीला गारगोटीजवळ आमच्या गावी आले होते. आई म्हणाली त्यातलं निम्मं खरं होतं. मी माणसं काढत होते, पण ती चालत नव्हती. आमचे इनामदार सर माझं काम बघून चष्मा काढायचे, पुसायचे आणि म्हणायचे, "धनश्री, तुझी माणसं प्लॅस्टिकची आहेत." सगळ्या वर्गासमोर. सुट्टीनंतर द्यायच्या प्रोजेक्टला त्यांनी एकच शब्द दिला होता, 'वय'. त्यात एक माणूस पाहिजे आणि तो हलला पाहिजे, एवढीच अट. ह्या वेळी नापास झाले तर वर्ष गेलं असतं.

"पण कशाला गं अक्का? चांगला आहे की हा फोटो."

अक्का खाली बसली. तिची नात रोहिणी तिच्यापाशीच वाढलेली, मुलगा सुभाष पुण्याला कंपनीत. रोहिणीला बघायला आठ दिवसांपूर्वी पाव्हणे आले होते एवढं मला माहीत होतं. पोरगी पसंत पडली हेही माहीत होतं.

"त्या पोराची आत्या हाय न्हवं, ती ह्या फोटोम्होरं हुबी राहिली," अक्का म्हणाली. "आनि मला म्हनती, 'थोरला ल्योक व्हय तुमचा? कवा गेला?'"

मला हसू फुटलं. मग अक्काचं तोंड बघितलं आणि ते आवरलं.

"तू काय म्हणालीस?"

"काय म्हननार? च्या आनते म्हनून आत गेले." तिनं फोटोवरची नसलेली धूळ पदरानं पुसली. "पंदरा तारखंला सुपारी हाय. पन्नास मानसं येनार. परत्येकाला सांगत बसू व्हय, ह्यो ल्योक न्हवं, नवरा हाय म्हनून? मी हितं म्हातारी झाले आनि ह्यो आपला तसाच. ह्येला माझ्या वयाचा कर. आनि शेजारी मला बशीव. आमचा जोडीचा एकबी फोटो न्हाई बघ."

मी लगेच हो म्हणाले. आता खरं सांगायला हरकत नाही, त्या 'हो'मध्ये अक्काची माया कमी आणि माझा स्वार्थ जास्त होता. विषय आपल्या पायानं घरात आला होता. सव्विसाव्या वर्षापासून पासष्टाव्यापर्यंत एक चेहरा, दर वर्षाला एक सेकंद, एकोणचाळीस सेकंदांत सगळं म्हातारपण. शेवटची फ्रेम छापून अक्काला द्यायची. सरांचंही काम आणि अक्काचंही.

पहिला म्हातारा मी दोन तासांत केला. इंटरनेटवरून सुरकुत्या उतरवल्या, कपाळावर आणि गालांवर चिकटवल्या, केस पांढरे केले. मला तो फार आवडला होता. अक्काला बोलावलं.

तिनं डोळे बारीक केले. "ह्यो कोन?"

"दौलतकाका. म्हातारे झालेले."

"ह्यो कुठला म्हातारा? ह्यो त्योच हाय. नाटकात म्हाताऱ्याचं काम मिळालंय आनि पावडर फासून बसलाय."

सरांचं 'प्लॅस्टिक' मी महिनाभर पचवलं होतं, पण आता अक्काही? माझं डोकंच फिरलं. मी म्हणाले, "मग तूच सांग, कसा झाला असता तो!"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न अक्काला कुणी विचारलेला नव्हता. "उद्या येते," असं म्हणून ती गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती वाकळ घेऊनच आली. गावातल्या निम्म्या घरांत तिनं शिवलेल्या वाकळा होत्या. माझ्या खुर्चीशेजारी भिंतीला टेकून बसली, जुन्या लुगड्यांचे थर मांडीवर पसरले, सुईत दोरा ओवला आणि फर्मान सुटलं.

"पैलं ते केस काढ. त्येच्या बाला चाळिशीतच टक्कल पडलेलं."

"सगळे काढू?"

"मागं ऱ्हाऊ दे थोडं. कानावर. आनि मिशी मोठी कर. पोरगं कामाला लागल्यावर त्यो मिशी वाढिवनार हुता."

"पांढरी?"

"पांढरी, आनि मधी पिवळी. तंबाखू खायचा." ती दोन टाके घालेपर्यंत थांबली. "ऱ्हाऊ दे, पिवळी नगं. तंबाखू मी सोडिवली असती."

"ऐकला असता का तो?"

"न ऐकून सांगतोय कुनाला! सुभाष धा वर्साचा झाल्यावर मी शपत घातली असती." तिनं सुई माझ्याकडे रोखली. "पर दोन दात गेलेलं दाखीव. तंबाखूनं न्हवं, चिक्कीनं. गोडाचं लई याड."

मी दोन दात पाडले.

अशा पाच दुपारी गेल्या. चार वाजता लाइट गेली की युपीएस कोकलायला लागायचा, अक्का त्याला "गप रं" म्हणायची, मी मशीन बंद करायची आणि मग नुसत्या गप्पा. त्या गप्पांतूनच सुरकुत्या मिळत गेल्या. एक भुवई कायम वर, म्हणजे कपाळावरच्या आठ्या त्याच बाजूला जास्त. सायकलच्या दुकानात दिवसभर उन्हाकडे तोंड, म्हणजे डोळ्यांच्या कडा चिरलेल्या. सुभाषच्या लग्नात तो म्हणे मानपानावरून व्याह्यांशी कडाडून भांडला असता आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याच गळ्यात पडून रडला असता. रोहिणी झाल्यावर त्यानं गावात पेढे वाटले असते आणि पोराला सोडून नातीला खांद्यावर घेऊन फिरला असता, म्हणून डावा खांदा जरा खाली. मी ऐकायची आणि काढायची. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा चेहऱ्यावरची प्रत्येक रेघ कुठून आली ते मला माहीत होतं.

"आनि केरबाभावजी ह्येच्याम्होरं तंबाखू खायचं न्हाईत," एकदा ती हसत म्हणाली. केरबातात्या म्हणजे दौलतकाकांचा धाकटा भाऊ. "भ्यायचं. चुना बोटावर घेतला की मागल्या दारानं भाईर. ह्येला सगळं ठावं असायचं, पर मुद्दाम हाक मारायचा. तोंडात बार, बोलता येतंय व्हय? मुंडी हालवीत हुबं ऱ्हायचं."

एवढं करूनही चेहरा पुरा होईना. बोलण्यातून सवयी कळतात, हाड कळत नाही. ह्या जबड्याखालची कातडी कशी लोंबेल, पापणी कुठं दुमडेल, म्हातारपणी कान केवढे होतील, ते अक्काला सांगता येत नव्हतं आणि मला सुचत नव्हतं. सुपारीला सहा दिवस उरले होते.

आणि मग चौकात सायकलला हवा मारताना मला केरबातात्या दिसले. तोच जबडा, तेच कान. वय एकोणसाठ. मी मनात म्हणाले, धने, तू आंधळी आहेस काय?

तात्या 'दौलत सायकल मार्ट'चे मालक. दुकान भावानं काढलेलं, भावाच्या नावानं ह्यांनी चालवलेलं. गल्ल्यावर दौलतकाकांचा तोच फोटो, लहान. तात्या कमी बोलायचे. अक्काचं दळण आणणं, बाजार आणणं, गॅसची टाकी दारापर्यंत आणून देणं, सगळं तेच करायचे. रोज सकाळी तिच्या दारात उभं राहून "वहिनी, काय आनायचं?" असं विचारायचे. दारातच. मी त्यांना कधी उंबऱ्याच्या आत गेलेलं पाहिलं नव्हतं. मला वाटायचं, घाईचा माणूस आहे.

"तात्या, तुमचे फोटो पाहिजेत. कॉलेजच्या प्रोजेक्टला."

"माझं?" त्यांनी पान्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "कशाला, इनोदी हाय काय प्रोजेक्ट?"

पण खूश झाले. आतून धुतलेला शर्ट घालून आले, वरपर्यंत बटणं लावली, केस ओले केले. मी समोरून, दोन्ही बाजूंनी, मान वर करून, मान खाली करून वीसेक फोटो काढले. झाल्यावर त्यांनी भावाच्या फोटोला उदबत्ती ओवाळली आणि तिथंच त्याच्या नाकाखाली उभं राहून निवांत तंबाखू मळायला लागले.

त्या रात्री नाही, पण पुढच्या दोन दिवसांत माझा हात जो चालला तसा आधी कधी चालला नव्हता. मान, पापण्या, कान, गळ्याची घडी, सगळं जसंच्या तसं उतरत गेलं. पडद्यावर एक खराखुरा माणूस बसला. त्याच्या शेजारी मी अक्काला बसवलं, तिची मोरपंखी इरकल नेसवली. अक्का करंज्यांच्या तयारीत अडकली होती म्हणून शेवटचा चेहरा तिनं पाहिला नव्हता. मलाही तो एकदम दाखवायचा होता. कोल्हापूरला जाऊन दोन फुटी प्रिंट काढली, फ्रेम करून घेतली आणि एसटीत मांडीवर धरून आणली.

अक्काच्या सोप्यात सातआठ बायका करंज्या करत बसल्या होत्या. केरबातात्यांची बायको हिराकाकीही होती. मी मधोमध उभी राहिले आणि फ्रेमवरचा कागद ओढला. सर्कशीतल्यासारखा.

बायकांनी माना वर केल्या. हिराकाकी मोकळ्या स्वभावाची. तिनं हात कपाळावर मारला आणि मोठ्यानं हसली.

"अगं बया! ह्ये तर आमचं मालक की वो! वैनी, माज्या मालकास्नी तुमच्या शेजारी कुनी बशिवलं?"

हसली ती एकटीच. बाकीच्या बायकांनी एकमेकींकडं बघितलं आणि पटकन माना खाली घालून करंज्यांना मुरड घालायला लागल्या. हिराकाकीचंही हसू मधेच तुटलं. अक्का उठली. पिठाच्या हातानंच तिनं कागद परत फ्रेमवर लावला, फ्रेम उचलून आत नेली आणि बाहेर आली ती माझ्याकडं न बघता पोळपाटाशी बसली.

मी घरी आले तेव्हा बातमी माझ्या आधी पोचली होती. आईनं मला समोर बसवलं.

"तुला कुनी सांगितलं न्हाई, त्यात तुजी चूक न्हाई," ती म्हणाली. "दौलत गेला तवा शेवंताक्का बावीस वर्साची, पोर दीड वर्साचं. तेराव्याला भावकी बसली. म्हनली, शेवंताला केरबाच्या पदरात घाला, घरातलं घरात ऱ्हाईल. केरबा वीस वर्साचा. त्यो भर बैठकीत उठला आनि म्हनला, 'वहिनी माजी आई हाय.' आनि त्या घरातनं भाईर पडला त्यो पडलाच. चौकात दुकानामागं ऱ्हायला लागला. पोराला शाळंत घातलं, सगळं केलं, पर उंबऱ्याच्या आत पाय ठेवला न्हाई. तरी लोक बोलायचं थांबलं व्हय? केरबाचं लगीन झालं तरी बोलायचं. एकोनचाळीस वर्सं दोघांनी येवडं राखलं. एका सतरंजीवर बसलं न्हाईत कधी. आनि तू त्यास्नी एका फ्रेमीत बशिवलंस."

मला रडू आलं. सरांसमोर न आलेलं, ते सगळं एकदम आलं. सुपारीला तीन दिवस होते आणि अक्काच्या भिंतीवर आता तरणा नवराही नव्हता आणि म्हाताराही नव्हता. पन्नास माणसं यायच्या आधीच मी तिची उरलीसुरली सोय घालवली होती.

सकाळी दुकानात गेले. तात्या चाकाची तार आवळत होते. हिराकाकीनं घरी सांगितलं असणारच.

"तात्या, माझं चुकलं. तुम्हाला खोटं सांगून फोटो काढले."

त्यांनी चाक फिरवून बघितलं. थांबेपर्यंत बघत राहिले.

"दादाला म्हातारा केलास म्हनं."

"हो."

"दाखीव."

ते आमच्या घरी आले. खुर्चीवर न बसता उभेच राहिले. मी ॲनिमेशन लावलं. धबधब्यासमोरचा सव्वीस वर्षांचा दौलत. मग पुढच्याच सेकंदाला सत्ताविसावं वर्ष. गाल भरतात, केस मागं सरतात, कपाळावर एकाच बाजूला आठ्या येतात, मिशी वाढते, पिकते, डोळे खोल जातात. एकोणचाळीस सेकंद. तात्यांनी परत लावायला सांगितलं. मग परत.

"थांबीव," ते म्हणाले. मी थांबवलं. "न्हाई, जरा मागं. आनिक. हां, हितं."

सुरुवातीचाच चेहरा होता, एक सेकंद पुढचा.

"ह्यो सत्तावीसचा न्हवं का?"

"हो."

"मी सत्तावीसचा झालो न्हवं, त्या दिशी दुकान उघडलं न्हाई," तात्या पडद्याकडं बघत म्हणाले. "नुसता बसून ऱ्हायलो. म्हनलं, आजपास्नं मी दादापेक्षा थोरला. आता मला रागवायला कोन? तवापास्नं फोटोतला दादा धाकटाच होत गेला बघ. आता तर माझ्या पोरापेक्षा ल्हान दिसतोय. त्येला काय इच्यारनार मी?" त्यांनी शर्टाच्या बाहीनं नाक पुसलं. "सोड आता. म्हातारा होऊ दे त्येला."

मी सोडलं. शेवटचा चेहरा आल्यावर ते बराच वेळ वाकून बघत होते.

"ही मान माझी हाय," ते म्हणाले. "दादाची न्हवं."

"म्हणजे?"

"अगं, माझी मान चाकात वाकून वाकून अशी बसलीया. दादा कुठं वाकला असता? त्यो गल्ल्यावर बसला असता आनि माझ्यावर वरडला असता. ताठ मान पायजे. आनि ह्ये पापणीखालचं," त्यांनी स्वतःच्या डोळ्याखाली बोट लावलं, "ह्ये जाग्रनाचं. दादा कोंबडं आरवलं तरी उठायचा न्हाई. काढ ते." मग एकदम म्हणाले, "वहिनीस्नी बोलीव."

मी धावतच गेले. अक्का यायला तयार नव्हती. "झाली ती शोभा पुरं," म्हणाली. मी तिच्या हातातलं लाटणं काढून घेतलं आणि म्हणाले, "अक्का, तात्या म्हणतायत तो दौलतकाका नाही. मान चुकलीय, डोळे चुकलेत. तुझ्या माणसाला असं अर्धवट ठेवणार आहेस काय?" त्यावर ती उठली.

ती आत आली तसे तात्या बाहेर गेले. आमच्या उंबऱ्यापलीकडं, पायरीवर. अक्का तिच्या जागेवर भिंतीला टेकली. मी मधे, कॉम्प्युटरवर काढायचं पेन घेऊन. तात्या बाहेरून सांगायचे, अक्का आतून, आणि दोघंही बघायचे पडद्याकडंच.

"मान सरळ झाली का?" बाहेरून.

"झाली," अक्का मला म्हणाली. "त्यास्नी सांग, झाली."

"टक्कल कुनी सांगितलं?"

"मी सांगितलं. मामंजींचं टक्कल आठवत न्हाई व्हय कुनाला?"

"दादा आईवर गेल्याला. आमच्या आईचं केस मरस्तवर पायाला लागत हुतं."

"कपाळ तर मामंजींचं हुतं!"

"कपाळ बाचं, केस आईचं!"

"भावजी," अक्का एकदम चिडून म्हणाली, "तितनं काय दिसतंय तुम्हास्नी? आत येऊन बगा की!"

माझा हात थांबला. आई चहाचे कप घेऊन दारात आली होती, तीही थांबली. पायरीवर तात्यांनी गल्लीकडं बघितलं. समोरच्या कट्ट्यावर दोन माणसं बसलेली होती, पलीकडं कुणीतरी कपडे वाळत घालत होतं. तात्यांनी चपला काढल्या, एकीशेजारी एक नीट ठेवल्या आणि आत आले. आईनं कोपऱ्यातली खुर्ची पुढं केली. ते टेकले, आणि अगदी कामाचं बोलावं तसं म्हणाले, "हितं बगा, वहिनी. ह्या रेघंपास्नं केस पायजेत."

अक्कानं बघितलं. "असू देत मग," म्हणाली. "पर पांढरं."

"पांढरं तर पायजेतच."

त्या दिवशी लाइट गेली नाही. कसं कुणास ठाऊक. संध्याकाळी पाचपर्यंत दोघांनी मिळून मला घामाघूम केलं. हनुवटी तीनदा बदलली. तात्यांनी लहानपणी दगड मारून पाडलेली खोक भुवईत निघाली, ती अक्कालाही ठाऊक नव्हती. शेवटी मी विचारलं, "हसायचे कसे?"

"डावा डोळा मिटायचा," दोघंही एकदम म्हणाले.

मी डाव्या डोळ्याच्या कडेला तीन रेघा खोल केल्या आणि ओठ किंचित सोडला. मग पेन खाली ठेवलं. अक्कानं पुढं होऊन पडद्यावरच्या गालाला बोट लावलं, काच लागली तसं मागं घेतलं.

"ह्येच हैत," ती म्हणाली. "अगं बाई. मालक किती थकलं की गं."

त्याआधी इतके दिवस ती त्यांना 'ह्येला', 'त्येला' म्हणत होती. पोरासारखं.

प्रोजेक्टचं सांगायचं तर, महिन्याभरानं इनामदार सरांनी ते दोनदा पाहिलं, चष्मा काढला, पण पुसला नाही. "तू ह्या माणसाला ओळखायचीस?" म्हणाले. मी हो म्हणाले. पास झाले. आज मी पुण्यात पोरांना हेच शिकवते, आणि कुणी इंटरनेटवरून सुरकुत्या उतरवल्या की मी त्यांना अक्काच्याच शब्दांत हाणते. पण मला सांगायचंय ते सुपारीच्या दिवसाचं.

अक्काचा सोपा भरला होता. नवी फ्रेम समोरच्या भिंतीवर, हार घातलेली फक्त अर्ध्या बाजूला, कारण दुसऱ्या अर्ध्यातली बाई जिवंत होती आणि पाव्हण्यांना पोहे वाढत होती. हार असा कसा घालायचा ह्यावर सकाळी सुभाषदादा आणि तात्यांचं अर्धा तास चाललं होतं. तात्या फोटोखालीच पाव्हण्यांबरोबर सतरंजीवर बसले होते. सकाळी ते नेहमीसारखे दारात येऊन "वहिनी, काय आनायचं?" म्हणाले, तेव्हा अक्का "काय नगं, आत येऊन बसा," एवढंच म्हणाली होती.

आणि ती आत्या आली. फोटोसमोर उभी राहिली.

"मालक व्हय तुमचं?" तिनं अक्काला विचारलं. "कवा गेलं?"

अक्काच्या हातात पोह्यांचं पातेलं होतं. तिनं डाव बाजूला ठेवला.

"औंदाच," ती म्हणाली. "दिवाळीत."

"अगं बाई! लई आजारी हुतं?"

"न्हाई. हिंडतं फिरतं हुतं. नातीचं सगळं बघून ठेवलं आनि गेलं."

सुभाषदादा आईकडं बघतच राहिला. आत्यानं हळहळून मान हलवली आणि तात्यांकडं वळली.

"तुमचं कोन?"

तात्या सरळ होऊन बसले. "दादा माझा," म्हणाले. "सहा वर्सांनी थोरला."

मग कुंकू लागलं, सुपारी फुटली, साखर वाटली. लग्नाची तारीख ठरली. पाव्हण्यांचं पान खाणं सुरू झालं तसा तात्यांनी खिशातून तंबाखूचा बटवा काढला, तळहातावर घेतली, चुना लावला आणि सवयीनं मळता मळता मान वर केली. वर फोटो होता. तात्यांचा अंगठा थांबला. त्यांनी मूठ मिटली, हळूच उठले आणि पाव्हण्यांच्या मधून, माजघरातून, स्वयंपाकघरातून मागच्या दारानं बाहेर गेले.

मी मागोमाग गेले, तर अक्का चुलीपाशी उभी होती. तिनं त्यांना जाताना बघितलं आणि पदर तोंडाला लावून मला कोपरानं ढोसलं.

"बगितलंस?" ती म्हणाली. "अजून भ्यात्यात."